गारा कां पडतात?

उन्हाळ्याच्या तोंडावर आभाळ भरून आलें कीं आमच्या केजकडील शेतकऱ्याच्या पोटांत गोळा येतो. २०१४ सालीं फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाड्यांत ठिकठिकाणीं गारपीट झाली. काढणीस आलेला गहू, हरभरा व ज्वारी आडवी झाली आणि तोंडचा घास गेला. त्या वेळीं अनेकांनीं मला विचारलें, “गुरुजी, उन्हाच्या दिवसांत हा बर्फ येतो तरी कोठून?”

उत्तर असें कीं, गार ही उन्हाचीच लेक आहे. तापलेल्या जमिनीवरील हवा हलकी होऊन वर चढते. समुद्राकडून आलेली वाफ तिच्यांत मिसळलेली असते. वरच्या थरांत मात्र पश्चिमेकडील थंड व कोरडे वारे वाहत असतात. खालचें ऊन व वरची थंडी यांतील अंतर वाढलें म्हणजे ढगाचा मनोरा दहा-बारा किलोमीटर उंच उठतो. त्याच्या वरच्या भागांत शून्य अंशाखालीं उतरूनहि न गोठलेले जलबिंदु असतात. हिमकणाचा स्पर्श होतांच ते त्यावर गोठतात. वर उसळणारा वारा त्या कणास जोंवर तोलून धरतो, तोंवर त्यावर थरावर थर चढत राहतात. मोठी गार कापली असतां कांद्याप्रमाणें पारदर्शक व दुधी वेढे दिसतात ते हेच.

म्हणून गारेचा आकार हें त्या वाऱ्याचें मापच होय. हरभऱ्याएवढी गार तोलण्यास ताशीं तीस-पस्तीस किलोमीटरांची उसळी पुरते. मोठ्या लिंबाएवढीस शंभराच्या आसपास लागते. भार पेलेनासा झाला कीं ती कोसळते. ऐन पावसाळ्यांत ही उसळी मंद असते व गोठणारी पातळी उंच जाते. म्हणून तेव्हां गारा विरळा.

हें ज्ञान निव्वळ कुतूहलाचें नव्हे. ३० एप्रिल १८८८ रोजीं मुरादाबादेस गारांच्या वादळांत २४६ माणसें दगावलीं. ढग गडगडूं लागतांच झाडाखालीं उभें राहूं नये. तेथें विजेचें भय असतें. गांवाबाहेरील नव्या वस्त्यांत पुष्कळ घरांवर पातळ पत्रे आहेत. अशांनीं शेजारच्या पक्क्या घरांत जावें. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें तयार केलेलें ‘दामिनी’ हें मोबाइलवरील साधन विजेची आगाऊ सूचना देतें. तें घरोघर असावें.

आणि मुलांना गारा वेंचावयाच्या असल्या, तर वादळ ओसरल्यावर वेंचूं द्याव्या. मोठी गार तेवढ्यांत वितळत नाहीं.