डोक्यात जट का होते?

कुणाचे केस सरळ, कुणाचे कुरळे. ही जन्माची ठेवण असते. तेल लावून ती बदलत नाही. आपले आहेत ते केस चांगले. निगा मात्र राखायला हवी.

आपल्या डोक्यातून रोज ५० ते १०० केस गळतात. विंचरलं की ते निघून येतात. विंचरलं नाही, तर तिथंच अडकतात. त्यात तेल, घाम, धूळ बसते. गुंता घट्ट होतो. तीच जट. कुरळ्या केसांत ती लवकर होते. आजारपणात, बाळंतपणात विंचरायचं राहून जातं, तेव्हाही होते.

मग शेजारीण म्हणते, "अगं, देवी आली. कापू नको, कोप होईल!" बाई घाबरते. फणी बंद, डोक्यावरून न्हाणं बंद. जट वाढत जाते. मान दुखते. उवा होतात. अशा जटेपायी कित्येक पोरी सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडल्या गेल्या. त्यांचं लग्न झालं नाही, संसार झाला नाही. देवाला मुलगी सोडणं हा गुन्हा आहे. महाराष्ट्रात त्यासाठी २००५ चा कायदा आहे.

देवीला मानावं, आमची ना नाही. पण गुंता तो गुंताच.

केसांत जीव नसतो, म्हणून कापताना दुखत नाही. जुनी जट कात्रीनं कापावी. केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतात. गुंता नवा असेल, तर खोबरेल चोळावं. मोठ्या दातांच्या कंगव्यानं आधी टोकं सोडवावीत, मग वर वर जावं. आठवड्यातून एकदा शिकेकाईनं न्हावं. डोळे मिटून घ्यावेत, शिकेकाई फार झोंबते.