वेधशाळेचा अंदाज आणि आमचा अविश्वास



हवामानाचा अंदाज चुकला, तर शहरांतल्या माणसाचें फार मोठें नुकसान होत नाहीं. छत्री उगाच वागवावी लागते, किंवा ती न घेतल्यामुळें अंगावरचे कपडे भिजतात. तो घरीं येतो, गरम चहा घेतो, वेधशाळेवर एखादी कोटी करतो आणि विषय संपतो. जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यांतील आष्टी या माझ्या गांवीं मात्र तोच अंदाज चुकला, म्हणजे पेरलेलें बीं मातींत जळून जातें आणि दुबार पेरणीसाठीं पुन्हां दुकानदाराच्या दारांत उभें राहावें लागतें. तेथें कोटी सुचत नाहीं; तेथें मनांत अविश्वास बसतो. आणि अविश्वास एकदां मुरला, म्हणजे ज्या दिवशीं वेधशाळा अगदीं खरें सांगत असते, त्या दिवशींहि माणूस नदीकांठचें घर सोडीत नाहीं. म्हणून हा विषय हसण्यावारीं नेण्यासारखा नाहीं.

मी शास्त्रज्ञ नव्हें. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, खेड्यांतल्या शाळेंत जन्म घालवून निवृत्त झालेला एक मास्तर आहें. परंतु चुकलेलें गणित कोठें चुकलें हें शोधण्याची संवय या धंद्यांत लागते. तीच संवय आज या विषयाला लावून पाहावयाची आहे.

आमच्या जिल्ह्याची दक्षिण सीमा गोदावरीनें आंखली आहे. तिच्या पलीकडे बीड जिल्ह्यांतला माजलगांव तालुका लागतो. २०१७ सालच्या जुलै महिन्यांत त्या तालुक्यांतील आनंदगांवच्या शेतकऱ्यांनीं दिंद्रुडच्या पोलीस ठाण्यांत जाऊन चक्क हवामान खात्याविरुद्ध तक्रार दिली. यंदा पाऊस चांगला होणार असें खात्यानें सांगितलें, म्हणून आम्हीं जूनमध्यें पेरण्या उरकल्या. पुढें पावसानें पाठ फिरविली आणि पिकें हातचीं गेलीं. बियाण्यांच्या व औषधांच्या कंपन्यांशीं संगनमत करूनच हा अंदाज दिला गेला असला पाहिजे, असा त्या तक्रारीचा आशय होता. शहरांतून ही बातमी गंमत म्हणून वाचली गेली. संगनमताचा आरोप मलाहि पटत नाहीं. परंतु त्या आरोपामागचें दुःख पूर्णपणें पटतें.

आतां त्या वर्षाचे आंकडे पाहूं. २०१७ च्या जूनमध्यें खात्यानें देशाच्या सरासरीच्या ९८ टक्के पाऊस होईल, चार टक्के कमीअधिक धरावे, असें सांगितलें होतें. चार महिने संपल्यावर प्रत्यक्ष पाऊस भरला ९५ टक्के. म्हणजे खात्याच्या वहींत हा अंदाज उत्तीर्ण झाला आणि आनंदगांवच्या शेतांत तोच नापास झाला. नवल हें कीं, हे दोन्ही निकाल बरोबर आहेत! एकच उत्तर एका ठिकाणीं बरोबर आणि दुसऱ्या ठिकाणीं चूक कसें ठरलें, हें समजलें कीं आपल्या विषयाची निम्मी गांठ सुटते.

समजा, एखाद्या शिक्षकानें परीक्षेपूर्वीं सांगितलें कीं, यंदा वर्गाची सरासरी पन्नास गुणांची येईल. ती तशी आलीहि. म्हणून आपला मुलगा उत्तीर्ण झालाच, असें कोणी बाप धरून चालेल काय? कोणी नव्वद मिळविले असतील, कोणी दहा. खात्याचा मोसमी अंदाज हा असा सबंध वर्गाचा आहे. आणि तो वर्ग म्हणजे केरळपासून काश्मीरपर्यंतचा देश. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत देशावर सरासरीनें सुमारें ८७ सेंटिमीटर पाऊस पडतो आणि त्याच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस झाला, तर खातें त्यास ‘सर्वसाधारण’ म्हणतें. या सरासरींत आसामच्या डोंगरावरचा पाऊस आहे, कोंकणचा आहे आणि सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत बसलेल्या मराठवाड्याचाहि आहे. अरबी समुद्रावरून येणारें वारें आपलें बहुतेक पाणी घाटमाथ्यावर टाकून आमच्याकडे रिकाम्या हातांनीं येतें. बंगालच्या उपसागरांत कमी दाबाचा पट्टा तयार होऊन तो पश्चिमेकडे सरकला, तरच आमच्याकडे भरवंशाचा पाऊस पडतो. तो पट्टा शेपन्नास कोसांनीं उत्तरेकडून गेला, तरी देशाची सरासरी बिघडत नाहीं. आमचा हंगाम मात्र बिघडतो.

जागेची ही सरासरी झाली. वेळेचीहि तशीच आहे. जूनमध्यें दोन मोठ्या सरी, मग पंचवीस दिवस कोरडें ऊन आणि सप्टेंबरमध्यें ढगफुटीसारखा वर्षाव, यांची बेरीज शंभर टक्के भरूं शकते. सोयाबीनच्या अंकुराला ही बेरीज कळत नाहीं. त्याला त्या पंचवीस दिवसांतलीच तहान कळते.

शाळेंत असतांना मीं एक साधा प्रयोग करीत असें. मुलांना सारख्या तोंडाच्या बाटल्या देऊन त्या आपापल्या शेतांत ठेवावयास सांगावयाचें आणि सकाळीं पाणी मोजावयाचें. एका दिवशीं ओढ्याच्या अलीकडच्या मुलाच्या बाटलींत बोटभर पाणी आलें आणि पलीकडच्या मुलाच्या बाटलीचा केवळ तळ ओला झाला. दोन्हीं शेतांमध्यें अर्ध्या कोसाचें अंतर नव्हतें. पलीकडचा मुलगा म्हणाला, “गुरुजी, माझी बाटली फुटकी असंल.” मीं पाणी घालून दाखविलें, बाटली शाबूत होती. शहरांतल्या श्रोत्यांना हा खेड्यांतला खेळ वाटेल, म्हणून मुंबईचें उदाहरण देतों. २६ जुलै २००५ च्या त्या भयंकर दिवशीं सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच मुंबईंत कुलाब्याला अवघा ७३ मिलिमीटर! मुंबईंत त्या दिवशीं अतिवृष्टि होईल असें कोणी आदल्या दिवशीं सांगितलें असतें, तरी कुलाब्याच्या माणसानें त्याला खोटेंच ठरविलें असतें.

भाषेचाहि एक घोटाळा आहे. ‘मराठवाड्यांत तुरळक ठिकाणीं पाऊस’ असें वाक्य आपण रोज ऐकतों. खात्याच्या परिभाषेंत ‘तुरळक ठिकाणीं’ म्हणजे त्या विभागांतल्या पर्जन्यमापक केंद्रांपैकीं फार तर चौथ्या हिश्श्याच्या केंद्रांवर पाऊस. याचा सरळ अर्थ असा कीं, निदान तीन हिश्श्यांत तो पडणार नाहीं. ऐकणारा मात्र ‘पाऊस’ एवढाच शब्द उचलतो आणि संध्याकाळीं कोरड्या आभाळाकडे बोट दाखवितो. शब्द देणाऱ्यानें त्याचा अर्थ समजावून दिला नाहीं आणि घेणाऱ्यानें विचारला नाहीं. दोष दोघांकडेहि आहे.

याचा अर्थ वेधशाळा कधीं चुकतच नाहीं, असा मुळींच नाहीं. हवामान खातें १८७५ सालीं स्थापन झालें. लगेच १८७६ ते ७८ चा दारुण दुष्काळ पडला आणि पावसाचें भाकित आधीं करतां येईल काय, हा प्रश्न सरकारपुढें उभा राहिला. खात्याचे पहिले प्रमुख ब्लॅनफर्ड यांनीं हिमालयावरच्या बर्फाचा पावसाशीं संबंध जोडून प्रयत्न केला आणि १८८६ पासून मोसमी अंदाज नियमानें प्रसिद्ध होऊं लागले. पुढें गिल्बर्ट वॉकर यांनीं पॅसिफिक महासागरावरच्या वायुभाराच्या हेलकाव्यांचा आमच्या पावसाशीं संबंध दाखविला. हें खातें १९२८ सालीं शिमल्याहून पुण्यास आलें. तेथील ‘सिमला ऑफिस’ हें नांव त्याचीच खूण आहे. एवढी परंपरा असूनहि २००२ सालीं सरासरीच्या १०१ टक्के पाऊस सांगितला गेला आणि पडला ८१ टक्के! जुलै महिन्यांत तर देशभर निम्म्याच्या आसपासच पाऊस झाला. हा अपयशाचा डाग खात्यानें लपविला नाहीं. जुनी गणितपद्धति टाकून पुढल्याच वर्षीं नवी आणली. पॅसिफिकचें पाणी तापलें, म्हणजे ज्याला ‘एल निन्यो’ म्हणतात तो आला, कीं आपल्याकडे दुष्काळाचा संभव वाढतो. तसें २००२, २००९ व २०१५ सालीं झालें. परंतु १९९७ सालीं एल निन्यो अतिशय प्रबळ असूनहि देशाचा पाऊस सर्वसाधारणच राहिला. निसर्ग या बाबतींत वचन देत नाहीं, केवळ कल दाखवितो. मग वेधशाळा तरी वचन कोठून देणार?

लोक पंचांगावर विश्वास ठेवतात आणि वेधशाळेवर ठेवीत नाहींत, याचें शहरांतल्या शिकलेल्यांना नवल वाटतें. नक्षत्राचें वाहन बेडूक कीं मेंढा हें पाहणारे लोक आमच्याकडे आहेत. बुलढाणा जिल्ह्यांतल्या भेंडवळ येथें अक्षय्यतृतीयेस होणाऱ्या घटमांडणीकडे डोळे लावणारेहि आहेत. मीं त्यांची थट्टा करणार नाहीं. पंचांग गांवचें असतें, ओळखीच्या तोंडून आणि ओळखीच्या शब्दांत येतें. आणि त्यांतलें भाकित चुकलें, तर माणूस दैवाला बोल लावतो, पंचांगाला नाहीं. खात्याचा अंदाज सरकारी शिक्का घेऊन येतो. तो चुकला, म्हणजे सरकारनें फसविलें असें वाटतें. परंतु दोघांत एक मोठा भेद आहे. वेधशाळा आपल्या चुकांचा हिशेब ठेवते. जो हिशेब ठेवतो, तोच उद्यां सुधारूं शकतो.

आणखी एक गोष्ट आपण विसरतों. वेधशाळेनें वाईट बातमी खरी सांगितली, तर तिची आठवण कोणी ठेवीत नाहीं. २०१५ च्या जूनमध्यें यंदा ८८ टक्केच पाऊस होईल, असें खात्यानें स्पष्ट सांगितलें होतें. झाला ८६ टक्के. याहून अचूक काय असावें? तरीहि पुढल्या उन्हाळ्यांत, २०१६ च्या एप्रिलमध्यें, लातूरची तहान भागविण्यासाठीं मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. दहा महिने आधीं हातीं आलेल्या इशाऱ्याचा पाण्याच्या नियोजनासाठीं जेवढा उपयोग व्हावयास हवा होता, तेवढा झाला नाहीं. हा दोष भाकिताचा नव्हे, भाकित ऐकून स्वस्थ बसणाऱ्यांचा आहे.

पुराच्या बाबतींत तर विश्वासाची किंमत प्राणांनीं मोजावी लागते. मागील वर्षांचीं दोन उदाहरणें देतों. ओरिसाच्या किनाऱ्यावर १९९९ सालीं जें महाचक्रीवादळ आलें, त्यांत सुमारें दहा हजार माणसें गेलीं. त्याच किनाऱ्यावर २०१३ सालीं ‘फायलिन’ वादळ आलें, तेव्हां इशारा मिळतांच सुमारें दहा लाख लोकांना आधींच हलविण्यांत आलें आणि मृतांचा आंकडा शंभराच्या आंत राहिला. मधल्या चौदा वर्षांत केवळ यंत्रें सुधारलीं नव्हतीं. निवारे बांधले गेले, गांवोगांव तालमी झाल्या आणि इशारा देणारा माणूस ओळखीचा झाला. लोक इशाऱ्यावर हलले, कारण हलल्यावर कोठें जावयाचें हें त्यांना ठाऊक होतें.

आमच्याकडे २०२५ च्या सप्टेंबरांत अतिवृष्टीनें मराठवाडा झोडपून काढला. शेतें वाहून गेलीं, जनावरें दगावलीं आणि पैठणच्या जायकवाडी धरणाचे दरवाजे उघडल्यावर गोदाकांठचीं गांवें धास्तावलीं. त्या वर्षीं खात्यानें मोसमाचा अंदाज १०६ टक्के दिला होता आणि देशाचा पाऊस १०८ टक्के भरला, अंदाज उत्तम! परंतु त्या उत्तम आंकड्यांत आमच्या त्या काळरात्रींचा उल्लेख असणें शक्यच नव्हतें. मोसमाचा आंकडा हा सरकारनें धान्याचा व पाण्याचा विचार करण्यासाठीं असतो. घर सोडावें कीं नाहीं, हें ठरविण्यासाठीं दोनचार दिवसांचा इशारा आणि धरणांतून सुटणाऱ्या पाण्याची वेळ पाहावयाची असते. हीं दोन मापें वेगळीं आहेत. शेराच्या मापानें कापड मोजूं नये.

तेव्हां आपण करावें तें काय? कोणताहि अंदाज कानांवर आला, कीं तीन प्रश्न विचारण्याची संवय लावून घ्यावी. हा अंदाज कोठचा, देशाचा कीं माझ्या जिल्ह्याचा? केव्हांचा, चार महिन्यांचा कीं चार दिवसांचा? आणि शंभरांत किती वेळां खरा ठरावा असा? शेतकरी बांधवांसाठीं परभणीच्या कृषि विद्यापीठाचा जुना सल्ला मोलाचा आहे. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस होऊन जमिनींत ओल मुरल्याखेरीज पेरणीची घाई करूं नये. पुढच्या पावसाविषयींचें भाकित चुकूं शकेल. मातींत मुरलेली ओल खोटें बोलत नाहीं. हें विद्यापीठ आठवड्यांतून दोनदां जिल्हावार हवामानाचा सल्ला देतें. देशाच्या मोठ्या आंकड्यापेक्षां तो आपल्या अधिक उपयोगाचा.

आणि खात्यानें काय करावें, हेंहि एका मास्तरानें सांगितलें तर राग मानूं नये. वार्षिक निकाल जसा शाळेच्या फळ्यावर लागतो, तसा दरवर्षीं दसऱ्याच्या सुमारास प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर साध्या मराठींत एक हिशेब लागावा: आमच्या तालुक्यासाठीं काय सांगितलें होतें, काय झालें आणि फरक कां पडला. मुलाचे गुण लपविणाऱ्या मास्तरावर पालकांचा विश्वास बसत नाहीं. कमी गुण उघड सांगून त्याचें कारण समजावणाऱ्यावर बसतो. आनंदगांवच्या शेतकऱ्यांना असा हिशेब त्यांच्याच गांवांत, त्यांच्याच भाषेंत मिळाला असता, तर ते पोलीस ठाण्याची पायरी चढले नसते, असें मला वाटतें.

आभाळ कोणाच्याहि मालकीचें नाहीं. त्याच्याविषयीं शंभर टक्के बोलणारा माणूस भेटला, तर त्याच्यावरच संशय घ्यावा. परंतु जो म्हणतो, “साठ टक्के संभव आहे, चाळीस टक्के मी चुकेन,” त्याचें म्हणणें ऐकून घेण्यांत शहाणपण आहे.