दुखते तेथेच दुखण्याचे मूळ असते काय?



कापसाची वेचणी सुरू झाली की पातूर परिसरातील चिकित्सालयांत कंबर धरून येणाऱ्या रुग्णांची संख्या वाढू लागते. आपण कटिग्रह किंवा गृध्रसी असे निदान करतो, कमरेला तेल लावतो, शेक देतो आणि गुग्गुळकल्प देतो. बहुतेकांना आराम पडतो. ज्यांना पडत नाही, अशा रुग्णांपैकी एकीने प्रस्तुत लेखकास धडा दिला. तो व्यवसायबंधूंपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पस्तिशीतील एक शेतमजूर भगिनी कटिशूलाची तक्रार घेऊन आली. सात दिवस कटिबस्ती केली. वेदना कमी झाली आणि दहाव्या दिवशी पूर्ववत परतली. ती एवढेच म्हणाली, “सात दिवसाची मजुरी गेली जी, अन् कंबर तशीच हाय.” हंगामातील सात दिवसांची मजुरी म्हणजे काय, हे वऱ्हाडात राहणाऱ्यास सांगावे लागत नाही.

त्या दिवशी तिला प्रथमच अनवाणी चालायला लावले. निंदणाला बसते तसे उकिडवे बसण्यास सांगितले. उजवी टाच जमिनीला टेकेना. सारा भार डाव्या अंगावर जात होता व डाव्या नितंबाचे स्नायू ताठरले होते. विचारल्यावर कळले की, चार वर्षांपूर्वी बैलगाडीवरून उतरताना उजवा घोटा मुरगळला होता आणि त्यावर कधीच उपचार झाला नव्हता. शिवाय मलावरोध जुनाच होता. ही सर्व माहिती पहिल्याच दिवशी मिळू शकली असती. प्रश्न विचारला गेला नाही, हा दोष चिकित्सकाचा होता.

पुढे उपचाराचा क्रम बदलला. उजवा घोटा व पोटरी यांस स्नेहन, मृदू मर्दन आणि सांध्याच्या हळुवार हालचाली. डाव्या नितंबास अभ्यंग व स्वेद. रात्री अल्प मात्रेत एरंडस्नेह. मजुरी बुडू नये म्हणून आठवड्यातून दोनदा सायंकाळची वेळ दिली. सहा आठवड्यांत टाच टेकू लागली आणि कंबरदुखी बरीच उणावली. एका रुग्णावरून सिद्धान्त मांडता येत नाही; परंतु तपासणीची सवय निश्चित बदलता येते.

शास्त्राधार

सुश्रुताचार्यांनी १०७ मर्मांपैकी ८ मर्मे रुजाकर म्हणून सांगितली आहेत. त्यांत दोन गुल्फ, दोन मणिबंध आणि चार कूर्चशिर यांचा समावेश होतो. गुल्फाच्या आघाताने वेदना, पाय ताठरणे किंवा लंगडणे संभवते, असे त्यांचे निरीक्षण आहे. चरकाचार्यांनी वाताच्या स्थानांत कटी, सक्थि, पाद आणि अस्थि यांची गणना केली असून पक्वाशयास विशेष स्थान दिले आहे. घोटा, कंबर आणि कोष्ठ यांचा एकत्रित विचार हा म्हणूनच आपल्या परंपरेबाहेरचा नाही.

पाश्चात्त्य देशांतही हाच विचार वेगळ्या वाटेने पुढे आला. अमेरिकेत अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८७४ मध्ये ऑस्टिओपॅथीची मांडणी केली व १८९२ मध्ये कर्क्सव्हिल येथे तिचे विद्यालय काढले. शरीर हे एकसंध आहे, हे तिचे मूलसूत्र. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संकलनात ३३ अभ्यासांतील ३,११० वेदनारहित व्यक्तींच्या मणक्यांच्या प्रतिमांचा आढावा घेतला गेला. चकतीची झीज विशीतील ३७ टक्के, तर ऐंशीच्या वयातील ९६ टक्के व्यक्तींत आढळली. म्हणजे एमआरआयच्या अहवालात झीज दिसली म्हणून वेदनेचे कारण सापडलेच, असे नव्हे.

हात लावण्यापूर्वी

सर्वांगाचा विचार करणाऱ्यास कोठे मर्दन करू नये, हेही कळले पाहिजे. रात्री वाढणारी वेदना, सायंकाळचा ज्वर व वजन घटणे असल्यास मणक्याच्या क्षयाची शंका घ्यावी. मलमूत्राचे नियंत्रण सुटणे किंवा मांड्यांच्या मधला भाग बधिर होणे, ही तातडीने शस्त्रक्रियातज्ज्ञांकडे पाठविण्याची लक्षणे होत. एकाच पोटरीस सूज, उष्णता व वेदना असल्यास शिरेत रक्ताची गुठळी असू शकते; तेथे चोळणे प्राणावर बेतू शकते. वृद्ध व्यक्ती पडल्यानंतर दुखू लागल्यास आधी अस्थिभग्न नाही याची खात्री करावी. सामावस्थेत स्नेहाभ्यंग टाळून वालुकास्वेदासारखा रूक्ष स्वेद योजावा.

औषधी विक्रेत्यांसाठी

“कमरेचे तेल द्या” असे म्हणणाऱ्या ग्राहकास दोन प्रश्न अवश्य विचारावेत: ताप आहे काय आणि रक्त पातळ करणारी गोळी सुरू आहे काय? गंधपुरा तेलातील मिथाइल सॅलिसिलेट त्वचेतून शोषले जाते व वॉरफरिनचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. अशा ग्राहकास बाटली देण्याऐवजी वैद्याकडे पाठविणे, हीच खरी सेवा.

अनवाणी चालविणे, उकिडवे बसविणे, जुन्या आघाताची, कोष्ठाची, निद्रेची व कामाच्या पद्धतीची चौकशी करणे, यास दहा मिनिटे पुरतात. ती दहा मिनिटे आपण प्रथम भेटीतच दिली, तर एखाद्या कष्टकरी घराची आठवड्याची मजुरी वाचेल. व्यवसायबंधूंनी आपापले अनुभवही जरूर लिहावेत, ही नम्र विनंती.