किलोमीटर नव्हे, बसण्याचे तास मोजा

नकाशावर नांदेडहून मुंबईपर्यंत सरळ रेघ ओढली तर अंतर सुमारे ४७० किलोमीटर भरते. लातूरहून सुमारे ४००. विमान साधारण याच रेघेने जाते, म्हणून नांदेडहून तास-सव्वातासात पोहोचते. रेल्वे मात्र परभणी, जालना, मनमाड अशी वळसा घेत जाते. तिचे अंतर ६०० किलोमीटरच्या वर आहे आणि तपोवन एक्स्प्रेसला जवळपास बारा तास लागतात. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाताना किंवा पेशंट घेऊन परळच्या टाटा रुग्णालयात जाताना आपल्यापैकी बहुतेकांचा प्रवास हाच असतो.

पायांतले रक्त वर हृदयाकडे ढकलण्याचे काम पोटऱ्यांचे स्नायू करतात. आपण चाललो की हा पंप चालतो. तासन् तास पाय लोंबकळत ठेवून बसलो की रक्त साचते, पाय सुजतात आणि कधी कधी आतल्या शिरेत गाठ होते. ही गाठ सुटून फुप्फुसात अडकली तर जीव जाऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली सांगितले, की चार तासांहून जास्त बसून प्रवास केल्यास हा धोका साधारण दुप्पट होतो. मग ते विमान असो, रेल्वे असो की बस. तरीही निरोगी माणसात हे प्रमाण सुमारे सहा हजारांत एक एवढेच आहे. म्हणून घाबरू नका, काळजी घ्या.

नुकतेच ऑपरेशन किंवा बाळंतपण झालेले, कॅन्सरचे रुग्ण, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या महिला आणि आधी गाठ झालेले यांनी निघण्याआधी डॉक्टरांना विचारावे. मनाने गोळ्या घेऊ नयेत. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला रेल्वे तिकिटात सवलत मिळते. रुग्णालयाचा दाखला घेऊन झोपायचा बर्थ आरक्षित करा, म्हणजे पाय लांब करता येतील.

प्रवासात एवढे करा :

• तासातून एकदा उठून चाला. गर्दीत जागा नसेल तर बसल्या बसल्या टाचा आणि चवडे आलटून पालटून वीस वेळा उचला.
• पायाखाली पिशव्या कोंबू नका.
• पाणी पीत राहा. संडासला जावे लागेल म्हणून आपल्या आया-बहिणी दिवसभर पाणी टाळतात. तसे करू नका. सिकलसेलच्या रुग्णांनी तर पाणी मुळीच कमी पडू देऊ नये.

दोन्ही पाय थोडे सुजले तर रात्री झोपून उठल्यावर बहुधा उतरतात. पण एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली, गरम लागली, तर चोळू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. एकाएकी दम लागला, छातीत दुखले किंवा खोकल्यातून रक्त आले, तर लगेच १०८ ला फोन करा. प्रवासानंतर दोन-चार आठवड्यांनीही हा त्रास होऊ शकतो. म्हणून कुठून, किती तास बसून आलात, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.