झेरॉक्सच्या दुकानावर साठ लाखांचा दावा

रायपूरच्या शंकर नगरात काय किंवा पुण्याच्या सदाशिव पेठेत काय, कॉलेजे सुरू झाली की झेरॉक्सच्या दुकानांपुढे गर्दी लोटते. मुलगी एम.ए.ला असते. सरांनी सांगितलेले परदेशी पुस्तक हजारोंच्या घरात जाते आणि त्यातली लागणारी पाने असतात जेमतेम वीस. "पुस्तक कशाला? तेवढी पाने काढून आण," असे वडील सहज सांगून टाकतात. यात कोर्टकचेरीचा काही संबंध असेल, असे कुणाच्या ध्यानीमनीही नसते.

पण तो आला. ऑगस्ट २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन बड्या प्रकाशन संस्थांनी दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. प्रतिवादी होते दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातले रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसेस हे छोटेसे दुकान आणि खुद्द दिल्ली विद्यापीठ. भरपाई मागितली होती साठ लाख रुपये. गुन्हा काय, तर प्राध्यापकांनी नेमून दिलेल्या निरनिराळ्या पुस्तकांतील प्रकरणांच्या झेरॉक्स एकत्र बांधून हा दुकानदार विद्यार्थ्यांना विकत होता. ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने ही विक्री तात्पुरती थांबवली. ऐन सत्रात मुलांच्या हातची वाचनाची पाने गेली.

मास्तर कोर्टात उभे राहिले

एकटा दुकानदार अशा दाव्यापुढे किती टिकणार? मुकाट्याने तडजोड करून मोकळा झाला असता, तरी त्याला कुणी दोष दिला नसता. तसे झाले नाही, कारण या खटल्यात ज्यांना कुणी बोलावले नव्हते तेच आपणहून पुढे आले. विद्यार्थ्यांनी संघटना स्थापून आपल्यालाही पक्षकार करून घ्या, असा अर्ज केला. पाठोपाठ शिक्षक आणि अभ्यासकांची संस्था आली. तिच्यामागची मोठी प्रेरणा होती शामनाद बशीर या कायद्याच्या प्राध्यापकाची.

बशीर बंगलोरच्या राष्ट्रीय विधी विद्यालयात आणि पुढे ऑक्सफर्डला शिकलेले. मोठ्या कंपन्यांची वकिली करून गडगंज पैसा मिळवणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी शिकवणे पसंत केले. कर्करोगावरील ग्लिव्हेक औषधाच्या पेटंटचा गाजलेला खटला सर्वोच्च न्यायालयात चालला, तेव्हाही ते अभ्यासक म्हणून तिथे बाजू मांडायला गेले होते. गरीब आणि अंध मुलांना विधी महाविद्यालयांत प्रवेश मिळावा यासाठी त्यांनी २०१० मध्ये स्वतंत्र उपक्रमही सुरू केला. ज्याची मुले पुस्तकांवाचून अडतात, तो शिक्षक या भांडणात पडला नसता तरच नवल!

गंमत अशी, की ज्यांच्या नावाने दावा लावला होता त्या लेखकांपैकी बरेच जण उलट बाजूला गेले. तीनशेहून अधिक अभ्यासकांनी प्रकाशकांना दावा मागे घ्या, असे पत्र लिहिले. त्यावर सही करणाऱ्यांत दाव्यात उल्लेख असलेले तेहतीस लेखकही होते. अमर्त्य सेन यांनीही दाव्याला विरोध दर्शवला.

कायदा काय म्हणतो?

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राखीव राहतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या हयातीत निघालेले साहित्य २०११ पासून सर्वांना खुले झाले. मात्र याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये काही सवलती दिल्या आहेत. खासगी अभ्यास, संशोधन, टीका, परीक्षण यांसाठी रास्त वापर चालतो. शिवाय शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली नक्कल हा हक्कभंग मानला जात नाही. सारा वाद होता तो 'शिकवण्याच्या ओघात' म्हणजे नेमके कुठवर, यावर. वर्गाच्या चार भिंतींपुरते, असे प्रकाशक म्हणत.

१६ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. पूर्वी विद्यार्थी वाचनालयात बसून पाने हाताने उतरवून घेत. तेच काम आता यंत्राने झाले म्हणून ते बेकायदा कसे ठरेल, असा त्यांचा साधा सवाल होता. घरात ज्यांनी कधी वह्या उतरवल्या आहेत, त्यांना हा मुद्दा समजावून सांगावा लागणार नाही.

प्रकाशक अपिलात गेले. ९ डिसेंबर २०१६ रोजी न्यायमूर्ती प्रदीप नंदराजोग आणि न्यायमूर्ती योगेश खन्ना यांच्या खंडपीठाने कायद्याचा अर्थ विद्यार्थ्यांच्याच बाजूने लावला. नक्कल किती पानांची, यापेक्षा ती शिकवण्यासाठी आवश्यक होती का हे पाहावे, असे त्यांनी ठरवले. तेवढ्या मुद्द्यावर पुरावे घेण्यासाठी दावा पुन्हा सुरू करायला सांगितले, पण दुकानावर बंदी घातली नाही. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. नकलांचे परवाने देणारी संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली, तिची याचिका मे महिन्यात फेटाळली गेली.

बशीर ऑगस्ट २०१९ मध्ये वारले, अवघ्या त्रेचाळीसाव्या वर्षी.

आता शंकर नगरातल्या दुकानदाराचे काय? कलम ५२ साऱ्या देशाला लागू आहे. दिल्लीचा निकाल मात्र बिलासपूरच्या छत्तीसगड उच्च न्यायालयावर बंधनकारक नाही. तिथे त्याचा दाखला देता येईल, इतकेच. भरमसाट फी घेणाऱ्या खासगी शिकवणी वर्गांचा प्रश्न या खटल्यात नव्हता, तेव्हा त्यांनी या निकालाच्या भरवशावर गाफील राहू नये. आणि चालू कादंबरीची चोरटी आवृत्ती पदपथावर विकणे हा सरळ गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. मुलीला लागणारी वीस पाने त्यात मोडत नाहीत.