रात्रीच्या सागरात मांटांची पंगत

गोव्याच्या अथवा कोकणच्या किनाऱ्याशी ज्या कुटुंबांचे नाते आहे, त्यांना पाकट हा मासा नवा नाही. चपटे अंग, चाबकासारखी शेपटी आणि त्या शेपटीवरचा विषारी काटा! मुरलेला कोळीदेखील जाळ्यातून पाकट काढताना हात जपूनच घालतो. याच पाकटाच्या कुळात एक महाकाय मासा असा आहे की, त्याच्या शेपटीला नांगी नाही, त्याच्या इवल्याशा दातांना चावता येत नाही, आणि त्याच्या अगदी निकट, भर काळोखात, स्त्रीपुरुष हौसेने समुद्रात उतरतात. त्याचे नाव मांटा. स्पॅनिश भाषेत या शब्दाचा अर्थ घोंगडी किंवा पांघरूण असा आहे.

जुने दर्यावर्दी मात्र त्याला ‘सैतान मासा’ म्हणत. तोंडाच्या दोन्ही अंगांना पुढे आलेली त्याची दोन परे गुंडाळलेली असली म्हणजे शिंगांसारखी भासतात, एवढाच काय तो त्या बिचाऱ्याचा अपराध. वस्तुतः ती शिंगे नव्हेत. भोजनसमयी मांटा ती उलगडतो आणि त्यांच्या योगे पाणी आपल्या रुंद तोंडात लोटतो. ते पाणी कल्ल्यांवाटे बाहेर पडते. गाळणीसारख्या पट्ट्यांवर सागरातील सूक्ष्म जीव तेवढे मागे राहतात. चार-चार मीटर रुंदीचा हा देह पोसला जातो तो डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या अन्नावर!

हे भोजन पाहण्याचे जगप्रसिद्ध स्थान म्हणजे पॅसिफिक महासागरातील हवाई बेटाचा पश्चिम किनारा. त्याला कोना म्हणतात. मौना लोआ व हुआलालाई या ज्वालामुखी पर्वतांच्या आडोशामुळे तेथील समुद्र बहुधा शांत असतो. १९७० च्या दशकात तेथील केआउहोउ उपसागराच्या काठी एका हॉटेलाने पाहुण्यांना रात्री लाटा दिसाव्यात म्हणून पाण्यावर प्रखर दिव्यांचा झोत सोडला. उजेडाकडे सूक्ष्म जीव ओढले गेले, आणि त्यांच्या मागोमाग मांटा आले. पाहुण्यांना लाटांपेक्षा मोठे नवल दिसले. पुढे २००० साली ते हॉटेल बंद पडून दिवे विझले, तेव्हा तेथील मांटांचे येणेही रोडावले. हॉटेल पुन्हा उघडून दिवे लागले, तसे मांटा परतले. विमानतळाजवळच्या मकाको उपसागरातही आता अशीच पंगत बसते.

सूर्यास्तानंतर होड्या निघतात. प्रवासी अंगात रबरी पोशाख, डोळ्यांवर काचेचा मुखवटा आणि तोंडात स्नॉर्केल, म्हणजे पाण्यावर टोक राहणारी श्वासनळी, अशा थाटात पाण्यात उतरतात. पोहण्याचे कसब दाखविण्याचे येथे कारणच नाही. खाली तोंड करून दिवे बसविलेली एक तरंगती फळी असते; तिचे कडे धरायचे, पाय मागे तरंगत ठेवायचे आणि निश्चल पडून पाहायचे. तळाशी, सुमारे दहा मीटर खोलीवर, पाणबुडे आपले दिवे वर रोखून बसलेले असतात. दोन्ही उजेडांच्या मध्ये सूक्ष्म जीवांचा ढग दाटतो. काही रात्री तेवढाच ढग पाहून परतावे लागते, कारण मांटा कोणाच्या आमंत्रणाला बांधलेले नाहीत. पण आले, तर काळोखातून प्रथम एक पांढुरकी छाया उमटते. मग पंख दिसतात. आणि तो प्रचंड देह थेट आपल्या तोंडाकडे, जबडा वासून, वर येतो. वीतभर अंतरावर तो उलटा वळतो, पोट दाखवीत कोलांटी घेतो, आणि ढगातूनच पुन्हा वर येतो. घास जेथे दाट, तेथेच फिरत राहण्याची त्याची ही रीत आहे.

त्याला हात लावू नये, हा पहिला नियम. मांटाच्या अंगावर बुळबुळीत द्रवाचा थर असतो व तो त्याचे रोगांपासून रक्षण करतो. मानवी स्पर्शाने तो पुसला जातो. फळी सोडून खाली बुडी मारणेही वर्ज्य आहे. मांटा माणसाला आपटू नये म्हणून स्वतःच वळतो; माणसाने जागा बदलली तर त्याचा अंदाज चुकतो. आमच्या मते खरा धोका कोण्या एका धसमुसळ्या पाहुण्याचा नाही, गर्दीचा आहे. एकाच अरुंद जागी होड्यांची दाटी झाली म्हणजे नांगर, दोर व फिरते पंखे यांमधून या माशांना वाट काढावी लागते.

आणि मांटांची संख्या सहजी भरून येत नाही. मादी वर्षभर गर्भ वाहते आणि बहुधा एकच पिल्लू देते. दोन पिल्लांमध्ये कित्येक वर्षे जातात. तरीही चिनी औषधांच्या बाजारात त्यांच्या कल्ल्यांतील पट्ट्यांना मागणी असल्यामुळे अनेक देशांच्या समुद्रांत त्यांची मोठी हत्या झाली. २०१३ साली बँकॉक येथील परिषदेत त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. हवाईने तर २००९ मध्येच मांटा पकडणे वा मारणे हा कायद्याने गुन्हा ठरविला.

कोनाच्या लोकांना हे मासे एकेकटे ओळखू येतात. प्रत्येकाच्या पोटावरील काळ्या ठिपक्यांची नक्षी निराळी असते. तिची छायाचित्रे जुळवून शेकडो मांटांना नावे देण्यात आली आहेत. ‘लेफ्टी’ नावाच्या एका मादीचे डावे पर निकामी होते. पाणबुडे तिला १९७९ पासून ओळखू लागले.

तास-पाऊण तासाने, अंग गारठू लागले की, प्रवासी होडीत चढतात, गरम पेय घेतात, दिवे मालवले जातात. सूक्ष्म जीवांचा ढग विरतो. मांटा मात्र विसाव्यासाठी तळाशी बसत नाही. कल्ल्यांतून पाणी वाहते राहिले तरच त्याला श्वास मिळतो. म्हणून तो काळोखात पोहतच राहतो.