पाण्याला वास येत होता

औंढ्याला नागनाथाचे दर्शन घेतले की सिद्धेश्वरच्या धरणावर जाऊन यायचे, हा आमच्या घरचा जुना रिवाज. पूर्णेवर वरच्या अंगाला येलदरी आणि खाली सिद्धेश्वर. ही धरणे १९६८ सालची. हिंगोली जिल्हा झाला १९९९ मध्ये, त्याआधी आम्ही परभणीवालेच. हिंगोली शहराच्या नळाला पाणी येते ते या सिद्धेश्वरचे. परवा काठावर एक शेतकरी ओंजळीने पाणी प्यायला आणि म्हणाला, ‘‘गोड हाय साहेब, घ्या की.’’ मी घेतले नाही.

का, ते सांगायला हवे. पस्तीसएक वर्षांपूर्वी मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी बँकेत अधिकारी होतो. नळ तिसऱ्या दिवशी यायचा. पहिली बादली गढूळ, तिला वास. मी तोटीला दुपदरी फडके बांधले, दोन कँडलचा स्टीलचा फिल्टर आणला आणि निश्चिंत झालो. शेजारच्यांची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आठव्या महिन्यात तिला कावीळ झाली. आधी झाडपाला झाला, मग जिल्ह्याचा दवाखाना. ती परत आली नाही. पुढे रस्ता खणला तेव्हा दिसले, की नळाचा पाईप गटारातूनच गेला होता आणि त्याचा सांधा कुजला होता. पाण्याला वास येतोय, हे मला कळले होते. मी शेजारी सांगितले नव्हते.

माझा फिल्टर तरी काय कामाचा होता? कँडल गाळ आणि बरेचसे जंतू अडवते. कावीळीचा विषाणू त्याहून कितीतरी बारीक असतो. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेतून पाणी उचलतात तिथे सांडपाणी शिरले. जलशुद्धीकरण केंद्रात क्लोरीन वाढवले, तरी सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. गढूळ पाण्यात क्लोरीनचे बळ गाळावरच खर्ची पडते. तो विषाणू पुढे ‘हिपॅटायटिस ई’ म्हणून ओळखला गेला. गर्भवतींच्या जिवावर उठणारा, तो हाच.

धरणाचे पाणी तुरटीने निवळते, वाळूतून गाळले जाते, क्लोरीन घेऊन निघते. घात होतो तो पुढे. नळ बंद झाला की पाईप रिकामा होतो आणि फुटक्या सांध्यातून बाहेरची घाण आत ओढतो. म्हणून पहिली धार वाहू द्यावी.

बँकेत रोकड जुळल्याशिवाय आम्ही घरी जात नसू. पाण्याचाही असाच हिशेब असतो. तोटीच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा, असे भारतीय मानक सांगते. ओटी चाचणीचे थेंब टाकले, की क्लोरीन असेल तर पाणी पिवळसर होते. रंग आलाच नाही, तर क्लोरीन पडला नाही किंवा वाटेत कशाने तरी खाल्ला. रोकड कमी भरली, असेच समजा!

घरी काय करावे? गाळून, खळखळून उकळावे; उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरते. जंतू आणि विषाणू दोन्ही मरतात. उकळलेल्या पाण्यात हात घालू नये, दांडीचे ओगराळे वापरावे. अतिनील किरणांचे यंत्र चांगले, पण पाणी गढूळ असेल तर किरण पोचत नाहीत. बोअरच्या पाण्यातले फ्लोराइड, नायट्रेट उकळून जात नाहीत. उलट पाणी आटले की दाट होतात. तिथे आरओ हवा, पण आधी पाणी तपासून. धरणाचे कमी क्षारांचे पाणी आरओत घालायचे, म्हणजे बादल्याच्या बादल्या मोरीत सोडायच्या.

हे सारे आपापल्या ओट्यापुरते. पाईप मात्र गल्लीचा असतो. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसची साथ आली, तेव्हाही संशयाची सुई पाण्याकडेच वळली होती.

धरणावरच्या त्या शेतकऱ्याला मी एवढेच म्हणालो, ‘‘उकळून प्या बाबा.’’ तो हसला. आता आमच्या गल्लीत नळाला जरा वास आला, तर फिल्टरकडे न जाता मी आधी शेजारचे दार वाजवतो. पस्तीस वर्षे उशीर झाला आहे, हे मला ठाऊक आहे.